पुडीची ट्रायल आणि नदीचे दोन काठ

पत्रकाराजवळ दोन प्रकारचा माल साठतो. छापलेला माल दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जातो. न छापलेला डोक्यात राहतो आणि कुणी चहा पाजला की बाहेर पडतो. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात बातम्यांमागे फिरता फिरता माझे केस पिकले. आता न छापलेला माल इतका साठला आहे की चहा नाही पाजला तरी सांगतो! त्यातला एक अख्खा गठ्ठा एका पुडीचा आहे. साखरेच्या आजारावरची पूड. नाव लिहीत नाही, फुकटात जाहिरात व्हायची.

आधी मंडळी सांगतो. आमचं ऑफिस म्हणजे स्टेशन रोडवर छापखान्याच्या माडीवरची एक खोली. तिथून आमचं साप्ताहिक निघतं. मालक जाहिराती आणतात, मी बातम्या आणतो, आणि जागा कमी पडली की बातम्या जातात. मुद्रितं गुरुजी तपासतात. गुरुजींनी मला आणि निम्म्या तालुक्याला मराठी शिकवलं. आता रिटायर आहेत, नदीपलीकडे सावरगावला राहतात आणि लाल पेनाने आजही माझी तशीच धुलाई करतात. सौंसरहून डॉक्टर विद्याताई येतात. त्या आमच्यासाठी आरोग्याचं सदर लिहितात. पूर्वी नागपूरला नव्या औषधांच्या चाचण्यांवर काम करत होत्या. आणि पूड बनवणारे लोधीखेड्याचे प्रमोदजी. हेही गुरुजींचेच विद्यार्थी.

गुरुजींना जुनी शुगर. विद्याताईंच्या गोळ्यांवर नीट चाललं होतं. मग एक दिवस प्रमोदजी आले, गुरुजींच्या पाया पडले, पुडीचा डबा पायाशी ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, आता थ्या गोळ्या सोडा." गुरुजींनी सोडल्या. विद्यार्थ्याने पाया पडून दिलेलं औषध, त्याला नाही कसं म्हणायचं! थोड्याच दिवसांत चपलेने पायाचा अंगठा सोलला आणि जखम भरेना. विद्याताईंनी ती पाहिली आणि मला जिन्यात गाठलं.

"यांनी गोळ्या सुरू केल्या नाहीत तर आधी अंगठा जाईल, मग पाय. तुम्ही इतकं भांडता साऱ्या जगाशी, यांच्याशी भांडा जरा!"

भांडलो. गुरुजींनी एकच उत्तर दिलं. "शंभर लोकाइले गुण आला म्हणते. थे शंभर लोक काय खोटं बोलून राहिले?"

*

तर त्या शंभर लोकांपासून सुरुवात केली.

प्रमोदजींची जाहिरात आमच्याच पेपरात होती, माझ्या लेखाच्या डोक्यावर, लेखापेक्षा मोठी. 'शंभरात शंभर रुग्णांना गुण!' मी लोधीखेड्याला गेलो. दुकानात भिंतभर फोटो: हसणारे लोक, हातात डबा.

"हे शंभर निवडले कसे?" मी विचारलं.

"निवडले नाई भाऊ! जे परत आले, गुण आला म्हणून सांगतलं, त्याइचे फोटो काढले."

"आणि जे डबा घेऊन गेले नि परत आलेच नाहीत?"

प्रमोदजींनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"थे बरे झाले नं! बऱ्या मानसाले दुकानात यायचं काय काम?"

*

हे ऐकून विद्याताई हसल्या नाहीत. त्यांनी गुरुजींना त्यांच्या भाषेत समजावायचं ठरवलं. गुरुजींच्या घरच्यांचा संत्र्याचा बगीचा आहे.

"गुरुजी, तुम्ही पेटी विकत घेता तेव्हा वरचा थर बघून घेता का?"

"मी काय पागल हाओ? वरतं सारे मोठे फळं लावते, खाली चिल्लर. मी पेटी उलटी करून पाहातो."

"मग प्रमोदजींची भिंत म्हणजे वरचा थर. ज्यांना बरं वाटलं तेवढेच वर लावलेत. चाचणी करायची तर पेटी उलटी करायची. ज्यांनी ज्यांनी पूड घेतली ते सगळे मोजायचे. बरे झाले ते, नाही झाले ते, आणि मधेच सोडून गेले तेही."

गुरुजींनी मान हलवली. आम्हाला वाटलं, जमलं! मग त्यांनी लाल पेन उचललं आणि माझ्या लेखातलं 'शुद्दीकरण' दुरुस्त करत म्हणाले, "बरोबर बोलली बाई. पन संत्रेवाला माझ्या पाया नाई पडत."

*

दुसऱ्या खेपेला विद्याताईंनी तुलना समजावली. नुसतं 'पूड घेतली आणि बरं वाटलं' हे चालत नाही. साखर आपली आपणही वर-खाली होते. माणूस औषधाकडे धावतो तो सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे पुढचा दिवस बहुतेक जरा बराच जाणार. म्हणून सारखे दोन गट करायचे. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग फरक बघायचा.

"हे आमच्या बोरगावच्या भाच्यानं केलं हाय," गुरुजी म्हणाले. "झाडाइच्या टॉनिकवर. एका बाजूले फवारलं, एक ओळ सोडून देल्ली. फवारलेले झाडं काय लदबदले म्हणता!"

मी खूश झालो. आमच्या भागात कंट्रोल ग्रुप! बातमी होती. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला बोरगावला गेलो. भाच्याने कौतुकाने बगीचा दाखवला. फवारलेली झाडं खरंच लदबदलेली. न फवारलेली ओळ नाल्याच्या काठाला, अर्धी वाळलेली.

"ही ओळ अशी कधीपासून आहे?"

"दोन सालापासून वाळून राहिली."

"मग सोडायला हीच निवडली?"

"मंग कोनती सोडू भाऊ? मरून राहिलेल्या झाडावर औषध कायले वाया घालवाचं!"

विद्याताईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "यासाठीच चिठ्ठ्या टाकायच्या असतात. कुणाला औषध मिळणार ते माणसाने ठरवायचं नाही. माणूस ठरवतो आणि मेलेली झाडं बरोब्बर एका बाजूला जातात."

*

मग त्यांनी नागपूरचा स्वतःचा किस्सा सांगितला. तो मी छापणार होतो. मालकांनी त्या जागेवर फटाक्यांची जाहिरात घेतली.

एका औषधाची चाचणी होती. चिठ्ठ्या टाकून लोक वाटले. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी. रंग तोच, चव तीच. कुणाकडे कोणती हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. कारण खरी गोळी मिळाली हे कळलं की माणसाला आपोआप बरं वाटायला लागतं, आणि डॉक्टरला ठाऊक असलं की त्यालाही ते बरं दिसायला लागतं. इतका सगळा बंदोबस्त. देशोदेशीच्या लोकांनी विचार करून बनवलेला.

फक्त आपल्या भागातल्या व्याह्यांचा विचार कुणी केला नव्हता!

दोन रुग्ण एकमेकांचे व्याही निघाले. एक तिगावचा, एक सौंसरचा. बाकावर शेजारी शेजारी बसले. मुलीच्या बापाने आपलं गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "व्याहीबुवा, हे तुमी घ्या." मुलाचा बाप म्हणाला, "छे छे, तुमचं तुमी ठेवा." "असं कसं? तुमी वरपक्षाचे!" शेवटी वरपक्षाने मान राखून पाकीट घेतलं. आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून स्वतःचं दिलं.

"दर भेटीला हेच!" विद्याताई म्हणाल्या. "मी विचारलं, अहो, कोणती गोळी चांगली हे तरी तुम्हाला माहीत आहे का? तर म्हणतात, नाही. पण आपल्या हातानं द्यावी लागते."

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "बरोबरच हाय थ्याइचं."

*

योगायोगाचा धडा मात्र मालकांना शिकवावा लागला. सौंसरच्या क्रिकेट टीमचा कप्तान लागोपाठ टॉस जिंकत होता आणि मालकांना बातमी हवी होती: 'चमत्कारी नाणं!'

विद्याताई म्हणाल्या, "चमत्कार म्हणायच्या आधी उलटा प्रश्न विचारायचा. समजा नाण्यात काहीच नाही. तर नुसत्या नशिबाने असं घडायची शक्यता किती? ती अगदीच कमी निघाली तरच नाण्यावर संशय घ्यायचा. औषधाचंही तेच. समजा पुडीत काहीच नाही. तरी एवढा फरक आपोआप दिसू शकतो का? आणि हे तीन-चार लोकांवरून कळत नाही. माणसं कमी असली की नशीब फार गोंधळ घालतं."

मालकांना पटेना. म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला नाणं उडवायला लावलं. खालून छापखान्यातलेही सगळे बोलावले. ज्याचा काटा पडला तो बाद. एक एक गळत गेला. कुणीतरी शेवटपर्यंत टिकणारच होतं, आणि टिकले ते नेमके मालक.

"पाहिलंत?" विद्याताई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी छापा. यात मालकांचं काही कर्तृत्व आहे का? गर्दी मोठी असली की कुणाचं ना कुणाचं असं होणारच."

मालक सगळं समजल्यासारखी मान हलवत होते. संध्याकाळी ते नाणं त्यांनी घरी नेलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

*

मी पुडीविरुद्ध लिहिलं. तावातावाने लिहिलं. प्रमोदजी पेपर घेऊन माडीवर आले, गुरुजींच्या पाया पडले आणि माझ्यावर उखडले.

"साखर साखर काय लावलं भाऊ? एका बाईची साखर नाई उतरली. मान्य! पन तिच्या गुडघ्याले आराम पडला. एकाची झोप सुधारली. एकाचे केस गळनं थांबलं!"

"पण पूड साखरेची आहे ना?"

"गुन तं आला नं! मंग कुठं आला थे कायले पाहाता?"

विद्याताई म्हणाल्या, "प्रमोदजी, काय मोजणार ते आधी जाहीर करायचं असतं. वीस गोष्टी मोजल्या तर एखादी आपोआप सुधारलेली दिसतेच. मग तीच दाखवायची, ही कुठली रीत?"

प्रमोदजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावर हात आपटला. "ठीक हाय! आता साखरच मोजू. तुमच्यासारखी क्लिनिकल ट्रायल करून दाखवतो! दोन गट, सारं काही! थ्याच्यानंतर तुमच्या पेपरात पहिल्या पानावर निकाल छापाचा!"

मालक चटकन म्हणाले, "निकाल की जाहिरात?"

*

आता ती ट्रायल.

दोन गट पाडायचे होते. विद्याताई ओरडून ओरडून सांगत होत्या, "चिठ्ठ्या टाका! चिठ्ठ्या!" प्रमोदजींनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. त्यांनी त्याहून सोपी पद्धत काढली. जाम नदीच्या अलीकडचे पांढुर्णावाले एका गटात, पलीकडचे सावरगाववाले दुसऱ्यात. पांढुर्ण्याला खरी पूड, सावरगावला कणकेची.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे दोन काठ नदीत पळस रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवायला एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार म्हणतात. डोकी फुटतात, माणसं जातात. मी दरवर्षी त्याविरुद्ध लिहितो आणि दरवर्षी लोक तो पेपर वाचून नदीवर जातात. उरलेलं वर्ष दोन्ही काठ एकमेकांशी सोयरीक करतात, एका दुकानात चहा पितात. पण हरणं? ते कुठल्याच काठाला जमत नाही. दगडात नाही, भजनात नाही, कबड्डीत नाही. आणि या माणसाने ट्रायलचे गट त्याच नदीवरून पाडले!

"एथिक्स कमिटीची परवानगी घेतलीत?" विद्याताईंनी विचारलं.

"दोन्ही काठच्या नगरसेवकाइची घेतली नं!"

"आणि लोकांच्या चालू गोळ्या?"

"बंद! गोळ्या चालू ठेवल्या तं पुडीचा गुन कसा कळन?"

विद्याताई ताडकन उठल्या. आम्ही दोघांनी त्याच दिवशी वर तक्रार केली. ती विचाराधीन आहे. आजही आहे. मी बातमी लिहिली, मालक म्हणाले, "ट्रायल चालू असताना एका पक्षाची बाजू घेणं बरं नाही." निष्पक्ष पत्रकारितेचा त्यांना असा झटका कधी कधी येतो.

विद्याताई पांढुर्ण्यात घरोघर गेल्या, गोळ्या सोडू नका म्हणून विनवत. काहींनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, "बाई, तुमी सावरगावच्या बाजूनं हाय काय?"

गुरुजी पडले सावरगावचे. त्यांची खरी पूड बंद झाली आणि हातात वेगळी पुडी आली. प्रमोदजींनी पाया पडूनच दिली. "गुरुजी, नियम म्हंजे नियम."

कणकेची पुडी गुपित राहायला हवी होती. राहिली. दुपारपर्यंत! पुड्या वाटणारा माणूस पांढुर्ण्याचा, बायको सावरगावची. संध्याकाळी पलीकडच्या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं की पांढुर्ण्याला औषध गेलंय आणि आपल्याला पिठावर बसवलंय.

दुसऱ्या दिवशी गुरुजी माडीवर आले. मुद्रितं तपासली. जिलबी आली, ती हाताने बाजूला सारली.

"गुरुजी, अंगठा कसा आहे?"

"हाय."

"गोळ्यांचं काय ठरवलंत?"

"तू तुह्या बातमीचं शुद्धलेखन पाह्य."

मी आशा सोडली. त्या आठवड्यापासून ते पहाटे पूल ओलांडून फिरायलाही जाईनात. सावरगावातच, सगळे मिळून, काठाकाठाने, कुठे तरी आडवाटेने चालतात असं कळलं. विद्याताईंचा फोन आला, वैतागलेला. "दवाखान्यात एकदम एवढी गर्दी का होतेय कळत नाही. जेवायला वेळ नाही. गुरुजींचं काय?" मी म्हणालो, "ऐकत नाहीत."

निकालाच्या दिवशी मंगल कार्यालय घेतलं होतं. मधे रस्ता सोडून दोन बाजूंना खुर्च्या. डावीकडे पांढुर्णा, उजवीकडे सावरगाव. मागे बॅनर आधीच छापून टांगलेला: 'पुडीचा विजय!' हार तयार. मालकांनी पहिल्या पानाचा मजकूरही आधीच जुळवून ठेवला होता.

तपासणीवाल्याने कागद प्रमोदजींच्या हातात दिला. प्रमोदजींनी वाचला. पुन्हा वाचला. उलटा करून पाहिला. मग माईकवर हात ठेवून तपासणीवाल्याला म्हणाले, "गट उलटे तं नाई लिहिले?"

नव्हते लिहिले. पूड खाल्लेल्या पांढुर्ण्याची साखर चढली होती. पीठ खाल्लेल्या सावरगावची खाली आली होती, आणि थोडीथोडकी नाही!

उजवीकडच्या खुर्च्या अशा उसळल्या की मला वाटलं आता झेंडा आणायला कुणी तरी नदीवर पळतो. शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या हवेत. विद्याताई केव्हाच उठून डावीकडच्या रांगांत शिरल्या होत्या. एकेकाचा हात धरून विचारत होत्या, "गोळ्या कधीपासून बंद आहेत? उद्या सकाळी यायचं. नाही, उद्याच!"

प्रमोदजी स्टेजवरून खाली आले. गर्दीतून वाट काढत थेट गुरुजींपाशी. सवयीने वाकले. वाकल्यावर त्यांना समोर गुरुजींचा अंगठा दिसला. पट्टी नव्हती. जखम भरली होती.

ते तसेच वाकलेले राहिले. "गुरुजी, नुसत्या कणकेनं हे कसं झालं?"

गुरुजींनी खिशातून विद्याताईंच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. शेजारच्याने त्याचं काढलं. मागच्या रांगेतही खिसे वाजले.

"गोळ्या?" प्रमोदजी किंचाळले. "तुमाले पुडीवर भरोसा नव्हता काय गुरुजी?"

"काहून नाई?" गुरुजी म्हणाले. "पूड एक नंबर हाय बाप्पा! पन थे तुनं पांढुर्ण्याले देल्ली. आमाले जिंकाचं होतं नं!"